बैल न लागलेली भाजी

बंगळूरच्या सिटी मार्केटमध्ये उभं राहून मी एका सकाळी निदान तीस शेतकऱ्यांना एकच प्रश्न विचारला होता, आणि तो भावाचा नव्हता. "ह्या भाजीला बैल लागलाय का?" असा तो प्रश्न. तेव्हा मला कन्नडमध्ये धड पत्ताही विचारता येत नव्हता, पण शेजारच्या बाईंकडून हे एक वाक्य मी घोकून घेतलं होतं. लोक आधी माझ्याकडे बघायचे आणि मग माझ्याबरोबर घरचं कोणी शहाणं माणूस आलंय का, ते बघायचे.

हे सगळं सासूबाईंसाठी. सत्तावन्नच्या सुमारास सासरे गेले आणि सासूबाई साताऱ्याकडचं गाव सोडून आमच्याकडे मल्लेश्वरमला राहायला आल्या. आम्हालाच तिथे येऊन दोन वर्षं झाली होती. नवऱ्याची सरकारी कारखान्यात इंजिनियरची नोकरी, दोन लहान मुलं, भाड्याच्या तीन खोल्या. सासूबाई आल्या त्या एक ट्रंक, देवांचा डबा आणि ऋषिपंचमीचं व्रत घेऊन.

ज्यांच्या घरात हे व्रत होतं त्यांना सांगायला नको, पण आता किती घरांत होतं कोण जाणे, म्हणून सांगते. गणपतीच्या दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही. नांगरलेल्या रानातलं धान्य नाही, घाण्याचं तेल नाही, गुऱ्हाळाचा गूळ नाही. माणसाने हाताने खणून, हाताने पाणी घालून वाढवलेली भाजी तेवढी चालते. अळू, माठ, भोपळा, पडवळ, सुरण, कणसं असं सगळं एकत्र शिजवायचं, त्यात मीठ, मिरची, चिंच. वर्षभर बैल आपल्यासाठी राबतो, एक दिवस त्याचं घ्यायचं नाही. सासरे गेल्यावर सासूबाईंनी संकल्प सोडला होता की सात वर्षं हे व्रत करून मग उद्यापन करायचं. मधे मोडलं तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

गावी ह्यात अडचण काहीच नव्हती. घरामागे त्यांचं परस होतं, विहिरीचं पाणी होतं, आणि त्यांच्या हातात खुरपं होतं. आमच्या घरामागे शेजाऱ्यांची मोरी होती.

"तू दर शनिवारी बाजारात जातेसच ना," त्या म्हणाल्या. "इतके शेतकरी येतात तिथे. विचारायचं. कुणीतरी असेलच."

बोलायला काय जातं.

दर शनिवारी मी बाजारात जात होते हे खरं. मल्लेश्वरमला भाजी मिळत नव्हती असं नाही. दारावर हातगाडी यायची, कोपऱ्यावर दुकान होतं. पण सासूबाईंचा त्या भाजीवर विश्वास नव्हता. "ही कुणी पिकवली ते त्या गाडीवाल्याला तरी ठाऊक आहे का?" असं त्या विचारायच्या, आणि नवरा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणायचा, "खरंय आईचं." त्याला काय, त्याला जायचं नव्हतं. त्यामुळे शनिवारी सकाळी मुलांना सासूबाईंवर सोपवून मी बस पकडायची, किल्ल्याच्या भिंतीसमोर उतरायचं आणि दोन कापडी पिशव्या घेऊन त्या दगडी इमारतीत शिरायचं.

पाहुण्यांना ती इमारत फार आवडायची. घुमट बघा, कमानी बघा, वरून फुलांचा बाजार कसा दिसतो ते बघा. मला त्या इमारतीची फक्त फरशी आठवते. कोथिंबिरीच्या काड्या, कोबीची पानं आणि पाणी ह्यांचा तिच्यावर बारा महिने चिखल असायचा. त्यात चप्पल रुतली की पाय बाहेर येई आणि चप्पल आत राही. पिशव्या भरल्या की त्यांच्या बंदांचे वळ हातावर उठायचे आणि ते सोमवारपर्यंत जायचे नाहीत. परतीच्या बसमध्ये जागा मिळाली तर तो दिवस चांगला. मला तेव्हा तीसही पूर्ण झाली नव्हती, पण दर शनिवारी दुपारी मी साठ वर्षांची असायचे. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही. सगळ्याच जणी दमत होत्या, त्यात माझं काय मोठं, असं वाटायचं. आता वाटतं, बोलायला हवं होतं.

तर त्या पहिल्या भाद्रपदात मी प्रश्न विचारत फिरले. आमच्याकडचे गणपती तसे तिथे गौरी-गणेश. त्या आदल्या दिवसांत मार्केटमध्ये मुंगीलाही वाट मिळायची नाही. केळीचे खुंट, आंब्याचे टाळे, शेवंतीचे ढीग, आणि त्या सगळ्यांतून वाट काढत मी. एकाने सांगितलं, बैल लागला, हवा असेल तर विकायचाही आहे. एकाला मी सरकारी माणूस वाटले. त्याने पटकन भाजीवर पोतं टाकलं. एक फार गोड बोलला. बैल नाही, गाय नाही, काही नाही, सगळं आपल्या हातांनी, असं तो छातीवर हात ठेवून सांगत होता आणि त्याच्या मागे त्याच्याच गाडीचे दोन बैल त्याचीच मुळ्याची पानं खात उभे होते. मी त्याच्याकडूनही घेऊन टाकणार होते, इतकी कंटाळले होते. घरी कोण बघायला येणार होतं? पण मग लक्षात आलं की सासूबाई पहिला प्रश्न विचारणार, "बाजारात कशातून आलं?" खोटं मला बोलता येतं, पण त्यांच्यासमोर नाही. त्या बोलत नसत, फक्त बघत राहत.

म्हणजे भाजी नुसती हाताने पिकवलेली असून भागणार नव्हतं, गाडीतूनही आलेली चालणार नव्हती. नवऱ्याला हे सांगितलं तेव्हा त्याने फार विचार करून विचारलं, "ट्रॅक्टरने नांगरलेलं चालतं का गं?" इंजिनियर ना.

ती मला इमारतीच्या बाहेर सापडली, मागच्या अंगाच्या पायऱ्यांवर. आतला गाळा तर सोडाच, तिच्याकडे धड पथारीही नव्हती. एक टोपली, तिच्यावर ओलं फडकं, आणि मागे चुंबळ उशाला घेतल्यासारखी ठेवलेली. पन्नाशी उलटलेली बाई, कपाळ कोरं, हात लाकडासारखे. टोपलीत अळूची पानं होती, तांबडा माठ होता, दोन पडवळं आणि एक बेताचा भोपळा. मी सवयीने प्रश्न विचारला. ती हसली नाही. "एत्तु इल्ला," म्हणाली. बैल नाही.

"गाडी?"

तिने डोक्यावर हात ठेवून दाखवला. जयनगरच्याही पलीकडच्या खेड्यातून ती पहाटे डोक्यावर टोपली घेऊन चालत येत होती. जयनगर तेव्हा नुकतं आखलं जात होतं. त्याच्या पुढे सगळी खेडीच होती.

मला इतकं हुश्श झालं की मी तिची अख्खी टोपली घेतली. घरी सासूबाईंनी एकेक पान उलटून पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर सासरे गेल्यानंतर प्रथमच काहीतरी हललं. "ह्याला पाटाचं नाही, घागरीचं पाणी आहे," त्या म्हणाल्या. कशावरून कळलं ते मी विचारलं नाही. ऋषिपंचमीला त्यांनी ती भाजी एकटीने, पाटावर बसून, अगदी सावकाश खाल्ली. एक वर्ष झालं.

तिथून पुढे माझं काम सोपं झालं. एरवीची भाजी मी आतल्या गाळ्यांवरूनच घ्यायचे, पण श्रावण संपता संपता मी तिच्या पायरीवर जायचे आणि विचारायचे, "अज्जी, बैल?" ती म्हणायची, "इल्ला." मग मी सांगायचे, मला अमक्या दिवशी टोपली हवी. तीही ठेवायची. मला ती अक्का म्हणायची, वयाने एवढी मोठी असूनही. हळूहळू माझं कन्नड सुधारलं आणि थोडंफार बोलणं होऊ लागलं. सासूबाईंचं व्रतही मी तिला मोडक्यातोडक्या शब्दांत सांगितलं. तिचं बोलणं सगळं कन्नडमध्येच; इथे मी ते माझ्या मराठीत लिहिते आहे.

तिच्याकडे बैल का नाही हे मला तिसऱ्या वर्षी कळलं. तोपर्यंत मी गृहीत धरलं होतं की सासूबाईंसारखंच तिचंही परस असणार आणि हौसेने ती त्यात भाजी लावत असणार. तसं नव्हतं. तिची चांगली जोडी होती. त्यातला एक पोट फुगून एका दिवसात गेला. एकट्या बैलाचा काही उपयोग नाही, म्हणून दुसरा विकावा लागला. नवरा आधीच गेलेला. शेजाऱ्यांचे बैल त्यांच्या रानातून मोकळे होईपर्यंत वाफसा निघून जायचा, पेरायची वेळ टळायची. तेव्हापासून ती आणि तिची सून कुदळीने रान खणत होत्या. कुदळीला तीही जवळजवळ तेच म्हणायची, गुद्दली. तिने मला तळहात दाखवले. मी "अरेरे" म्हटलं. मनापासून म्हटलं, खोटं नाही सांगत. मग पिशवी उचलली आणि बससाठी पळाले.

आता इथे एक गोष्ट लिहायची आहे आणि ती लिहिणं जिवावर आलं आहे. दर वर्षी श्रावणात तिच्या पायरीकडे जाताना माझ्या मनात धाकधूक असायची. तिने बैल घेतले असले तर? आणि ती "इल्ला" म्हणाली की मला बरं वाटायचं. नुसतं बरं नाही, आनंद व्हायचा. चौथ्या वर्षी तर मी चक्क "चांगलं झालं" म्हणाले, मराठीतच, तोंडातून निघून गेलं. तिला कळलं नसावं. मला त्याच क्षणी कळायला हवं होतं, पण माझ्या डोक्यात सव्वानऊची बस होती.

सासूबाईंना मी ह्यातलं काही सांगितलं नाही. लपवायचं म्हणून नव्हे. त्या विचारायच्या, "बैल नाही ना लागला?" मी म्हणायचे, "नाही." तेवढ्यावर आमचं बोलणं संपायचं. घरात बोलायला इतर विषय कमी नव्हते. मुलांच्या शाळा, पाण्याचा नळ, कारखान्यातल्या पाळ्या. आणि मी दमलेली असायचे. दमलेलं माणूस उत्तर देतं, गोष्ट सांगत नाही.

अशी सहा वर्षं झाली.

सातव्या वर्षी सासूबाईंची तब्येत ढासळली होती. छातीत धडधडायचं, पायांवर सूज होती. डॉक्टरांनी बजावलं होतं की उपास अजिबात करायचे नाहीत, वेळच्या वेळी पोटात काहीतरी गेलं पाहिजे. सासूबाईंनी ऐकून घेतलं आणि डॉक्टर गेल्यावर मला जवळ बोलावलं.

"हे शेवटचं वर्ष आहे," त्या म्हणाल्या. "भाजी मिळाली तर मी पोटभर जेवेन. नाही मिळाली तर पाण्यावर राहीन, पण दुसरं काही खाणार नाही. आणि मोडलं तर पुन्हा एकपासून सुरुवात. मला आता सात वर्षं नाहीत."

हे त्यांनी रडत सांगितलं असतं तर मी काहीतरी समजूत घातली असती. त्यांनी ते किराणा सांगावा तसं सांगितलं.

त्या श्रावणात मला बाजारात जायलाच जमलं नाही. आधी धाकट्याला गोवर आला, मग मलाच ताप. मी गेले ती थेट गणपतीच्या आदल्या दिवशी. अंगात कणकण होती, पाऊस होता, आणि मार्केटमध्ये नेहमीची ती गर्दी. मी आत शिरलेच नाही. इमारतीला वळसा घालून मागच्या पायऱ्यांवर गेले. ती होती. तिला बघूनच मला अर्धं बरं वाटलं.

तिने मला पाहिलं आणि ती उठून उभी राहिली. ती कधी उठत नसे. टोपलीवरचं फडकंही तिने बाजूला केलं नाही. दोन्ही हात पुढे करून ती म्हणाली, "अक्का, एत्तु बंदवु!"

बैल आले.

सुनेच्या माहेरच्यांनी मदत केली होती, थोडं ह्यांनी साठवलं होतं, आणि पेरणीच्या आधी जोडी दारात आली होती. पांढरी जोडी. एकाचं शिंग जरा वाकडं. ती बोलतच होती. सहा वर्षांत ती माझ्याशी एवढं बोलली नव्हती. तिच्या तोंडावर पाऊस पडत होता आणि ती तो पुसतही नव्हती. एवढं सगळं सांगायला तिला पहिलं माणूस मी सापडले असं नव्हे, पण मला सांगायचं तिने राखून ठेवलं होतं हे दिसत होतं. सहा वर्षं मीच तर विचारत होते. व्रताचं तिला ठाऊक होतं, तरी तिला वाटलं असणार, ही बाई दर वर्षी आपल्या बैलांची चौकशी करते, हिला किती आनंद होईल.

आणि मी काय केलं? माझं तोंड उतरलं. ते मला जाणवलं, पण आवरता आलं नाही. मी म्हणाले, "यंदाच घ्यायचे होते का? आणखी एक वर्ष थांबली असतीस तर काय बिघडलं असतं?"

माझं कन्नड तोवर चांगलं झालं होतं. तिला प्रत्येक शब्द कळला.

तिचे हात खाली आले. मी तापाची, दमलेली, भिजलेली होते, हे सगळं खरं आहे. पण ते कारण मी आजवर स्वतःलाही पुरतं पटवू शकलेले नाही.

मग ती खाली बसली. टोपली तिने बाजूला सरकवली आणि तिच्यामागून एक गाठोडं काढलं. जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. सोडून माझ्यासमोर ठेवलं. अळू, माठ, दोन पडवळं, चार कणसं, छोटा भोपळा, सुरणाचा एक गड्डा.

"हे तुझ्या अत्तेचं," ती म्हणाली. तिकडे सासूला अत्तेच म्हणतात. "घरामागची विहिरीजवळची जागा बैलांना लागू दिली नाही. मी खणली. टोपलीतलं आहे ते बैलाचं, ते नको घेऊस. हे घे."

मला आठवतंय, मी विचारलं, "मग बैल कुठे बांधलेत?" अगदी निरर्थक प्रश्न, पण दुसरा सुचला नाही.

"पुढे. चिंचेखाली," ती म्हणाली आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

मी ते गाठोडं छातीशी धरून बसमध्ये चढले. बसायला जागा मिळाली होती, तरी उभीच राहिले. का, ते सांगता येणार नाही.

ऋषिपंचमीला सासूबाई पाटावर बसल्या. भाजी मीच शिजवली होती. त्यांना ओट्याशी उभं राहवत नव्हतं. पहिला घास उचलण्याआधी त्यांनी सातव्यांदा विचारलं, "बैल नाही ना लागला?"

"नाही," मी म्हणाले. खरंच होतं ते. तिथेच थांबले असते तर सगळं नेहमीसारखं पार पडलं असतं. पण मला रडू आलं. आणि मग मी त्यांना सगळं सांगितलं. मेलेला बैल, विकलेला बैल, कुदळ, तिचे तळहात, पांढरी जोडी, वाकडं शिंग. मी काय बोलले तेही सांगितलं.

त्यांचा घास हातातच राहिला होता.

"सहा वर्षं तिला बैल नव्हता म्हणून आपल्याला ही भाजी मिळत होती?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तू विचारायला गेलीस, ती नाही म्हणाली, की तुला काय वाटायचं?"

"बरं वाटायचं, आत्याबाई."

त्यांनी मला एक शब्द बोलून दाखवला नाही. बोलल्या असत्या तर सोपं झालं असतं. त्यांनी फक्त ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मलाही बरं वाटत होतं." मग त्यांनी ती भाजी खाल्ली. सगळी. अळूचा एक देठ ठेवला नाही, कणसाचा दाणा ठेवला नाही, ताट बोटाने निपटून घेतलं. मी त्यांना इतकं लक्ष देऊन जेवताना कधी पाहिलं नव्हतं. सात वर्षं पुरी झाली. भटजी येऊन उद्यापन करून गेले.

त्याच आठवड्यातल्या शनिवारी मी उठले तेव्हा सासूबाई माझ्या आधी स्वयंपाकघरात होत्या. पाटावर बसून, शेगडी खाली घेऊन, त्या पुरणपोळ्या लाटत होत्या. डॉक्टरांनी काय सांगितलंय ह्याची मी आठवण करून दिली, तर म्हणाल्या, "गप्प बस, आणि डबा काढ." आमच्याकडे बेंदराला बैलांना पुरणपोळी देतात. नांगर-गाडी त्या दिवशी बंद, बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची आणि पोळी भरवायची. "बेंदूर होऊन गेला म्हणून काय झालं," त्या म्हणाल्या. "तिचे बैल आपल्याकडून उपाशी राहिलेत." दोन मोठ्या पोळ्या होत्या, एकेका बैलाची एकेक, आणि चार लहान तिच्यासाठी आणि सुनेसाठी.

बसमध्ये त्या डब्याचा वास सुटला होता. माझ्या शेजारच्या बाईने दोनदा वळून डब्याकडे बघितलं. मी मात्र वाटभर वाक्यं जुळवत होते. क्षमा कर, माझं चुकलं, तापात होते. कन्नडमध्ये जुळवली की खोटी वाटायची, मराठीत जुळवली की तिला कळणार नव्हती.

ती पायरीवर होती. मला पाहून ती ह्या वेळी उठली नाही. "काय देऊ?" म्हणाली, जसं कुणाही गिऱ्हाइकाला विचारावं. मी डबा पुढे केला. "तुझ्या बैलांना," म्हणाले. "अत्तेने दिलंय." तिने झाकण उघडलं, वास घेतला. "होळिगे," ती म्हणाली. मग दोन मोठ्या पोळ्यांकडे बघून, "एवढी मोठी?"

"बैलांची तोंडं मोठी असतात," मी म्हणाले.

ती हसली नाही, पण तिने पोळ्या एका केळीच्या पानात बांधून टोपलीच्या तळाशी ठेवल्या आणि शेजारची पायरी हाताने पुसली. सात वर्षांत मी तिथे कधी बसले नव्हते. त्या दिवशी बसले, रिकाम्या पिशव्या मांडीवर घेऊन. जुळवलेलं एकही वाक्य तोंडातून निघालं नाही. मी विचारलं, "कसे आहेत बैल?"

ती आधी थोडंच बोलली, स्वल्प, जेवढ्यास तेवढं. मग हळूहळू सांगू लागली. वाकड्या शिंगाचा खादाड आहे. दुसरा भित्रा, बस दिसली की बुजतो. सून त्यांच्याशी माणसांसारखं बोलते. आणि पावसाने वैताग आणलाय, चिंचेखाली सगळा चिखल, रात्रभर उभेच असतात दोघं, बसत नाहीत. मी ऐकत होते. माझी बस कधीच गेली असणार.

निघायला उठले तेव्हा तिने विचारलं, "पुढच्या वर्षीही ठेवू का ती मागची जागा?"

"नको," मी म्हणाले. "अत्तेचं झालं. सात वर्षं पुरी झाली. आता तिथेही बैल लागू दे."

"नक्की ना?"

"नक्की."

तिने सुटल्यासारखा श्वास टाकला. "सरी," ती म्हणाली. "मग आज जाऊन तिथे गोठा घालते. दुसरी कोरडी जागाच नाही घराजवळ."